एकोणशंभर

जून महिन्याचं मेंटेनन्सचं बिल बाईंनी परत पाठवलं. वॉचमनच्या हाती, घडी घालून. उघडून पाहिलं तर खाली अक्षरी रक्कम असते तिथे पेन्सिलीने गोल केलेला. गोलाच्या आत छापलं होतं, ‘रुपये चार हजार एकशे एकोणशंभर फक्त’. आणि समासात, फळ्यावर असतं तसलं मोठं ठाशीव प्रश्नचिन्ह. बस्स. आमच्या सोसायटीत बिलावरून वाद नवे नाहीत. कुणाला सिंकिंग फंड पटत नाही, कुणाला पार्किंगचे शंभर रुपये. पण आकडा बरोबर असताना अक्षरांवरून परत आलेलं बिल मी पहिल्यांदाच पाहिलं. आणि ती अक्षरं छापणारा प्रोग्राम माझा होता.

बाई म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या. महापालिकेच्या शाळेत तीस-बत्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाल्या, तेव्हापासून आख्खी बिल्डिंग त्यांना बाईच म्हणते. मी वर गेले. दिवसभर पाऊस लागून राहिला होता, जिन्यात ओल्या छत्र्या आणि ठाण्याच्या चरईतल्या जुन्या बिल्डिंगांना जून लागला की येतो तो चुन्याचा, शेवाळाचा वास. बाई ताट पुढ्यात घेऊन मोड आलेले वाल सोलत बसल्या होत्या. बोटांनी दाणा जरा दाबला की साल सुटून डाळिंबी टुणकन ताटात पडायची.

“अगं, तुझ्या कॉम्प्युटरला नव्याण्णव येत नाही का?”

चूक झाली म्हणून मोकळं व्हायचं की नाही? पण माझ्या तोंडून निघालं ते भलतंच. “बाई, हा प्रोग्राम मी नेटवर सगळ्यांसाठी टाकलाय. गेल्या वर्षभरात दीड लाख वेळा डाउनलोड झालाय तो.”

बाईंचे हात काही थांबले नाहीत. “आणि त्या दीड लाखांत कुणालाच कधी नव्याण्णव रुपये लागले नाहीत? बाटाची चप्पल कुणी घेतच नाही वाटतं.”

जिना उतरताना मला हसू येत होतं. घरी पोचेपर्यंत ते गेलं.

त्याची गोष्ट अशी. २०१७ साली बाबा सोसायटीचे खजिनदार होते. बत्तीस बिलं, प्रत्येकावर रक्कम आकड्यात आणि अक्षरात, सगळं हाताने. एक्सेलमध्ये आकडे यायचे, अक्षरं यायची नाहीत. इंग्रजीसाठी असले तयार प्रोग्राम ढिगाने पडलेले, कारण तिथे ‘ट्वेंटी’ला ‘वन’ जोडलं की काम झालं. आपल्याकडे शंभरपर्यंत प्रत्येक आकड्याचं बारसं वेगळं. एकवीसचं बाविसाला चालत नाही, आणि तेवीस, त्रेपन्न, त्र्याहत्तर या तिघांत तीन प्रत्येक वेळी नवा वेश घालून येतो. एनपीएमवर, म्हणजे जगभरचे प्रोग्रामर आपले तयार प्रोग्राम सगळ्यांसाठी ठेवतात त्या साठ्यावर, शोधलं तर मराठीसाठी एक पॅकेज, म्हणजे असा तयार प्रोग्राम, सापडलं. आठवड्याचे डाउनलोड अकरा, पसंतीचे स्टार दोन. आत बघितलं तर एक ते शंभर हे शब्द ओळीने टाइप केलेले. शंभर ओळी. माझ्यातल्या इंजिनिअरला ते बघवेना. ही काय पद्धत झाली, पाढ्यांच्या पुस्तकासारखी?

मी दिवाळीच्या सुट्टीत दोन रात्री बसून माझं लिहिलं. त्यात मला ज्याचा फार अभिमान होता ती गंमत अशी, की नऊने संपणारे आकडे मी यादीत ठेवलेच नव्हते. शेवटी नऊ दिसला की पुढच्या दशकाचं नाव घ्यायचं आणि मागे ‘एकोण’ लावायचं. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ… भाषेनेच नियम दिलेला, मी फक्त तो कोडमध्ये उतरवला. एकोणीस त्यात बसत नाही, ‘एकोणवीस’ होतं, हे लगेच लक्षात आलं; त्याला अपवाद केला. नुसत्या नवाचं ‘एकोणदहा’ झालं होतं, त्यावर आम्ही घरी पोट धरून हसलो, तोही अपवाद केला. वरचं टोक तपासलं नाही. शंभर हे पुढचं ‘दशक’, त्याच्यामागे एकोण, झालं एकोणशंभर. मेंटेनन्स कायम गोल आकड्यात, साडेतीन हजार, चार हजार. त्यामुळे तो किडा इतकी वर्षं गाढ झोपून होता. यंदा बाई मार्च-एप्रिल नाशिकला लेकीकडे होत्या, चेक उशिरा आला, त्यावर १९९ रुपये व्याज लागलं आणि किडा जागा झाला.

गंमत म्हणजे बाई काही शब्दांच्या बाबतीत सोवळ्या नाहीत. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ असं संख्यावाचन आलं आणि सगळीकडे आरडाओरडा झाला, तेव्हा बिल्डिंगमध्ये त्या बदलाच्या बाजूने बोलणाऱ्या त्या एकट्या होत्या. पंचवीस ऐकून बावन्न लिहिणारी पोरं त्यांनी पिढ्यान् पिढ्या पाहिलेली. ‘पाच आधी ऐकू येतो, पाच आधी लिहितात, त्यांची काय चूक?’ असं त्या म्हणायच्या. म्हणजे पोरांनी वीस पाच म्हटलेलं चालतं. माझं एकोणशंभर चालत नाही. मी पोर नाही, हा मुद्दा असावा.

आता त्या दीड लाखाकडे येते, कारण मला टोचलं ते तिथेच. पॅकेज टाकल्यावर पहिली दोन-तीन वर्षं आठवड्याला पंचवीस-तीस डाउनलोड दिसायचे. मी खूश होते. ठाण्याला दहा नंबरवरून ऐरोलीची गाडी पकडली की पहिलं काम मोबाइलवर तो आकडा बघणं. तीस माणसं! मग कधीतरी कळलं, की एनपीएमने २०१४ मध्येच सांगून ठेवलंय, त्यांचा आकडा म्हणजे फाइल कितीदा यशस्वीपणे दिली गेली एवढंच. कुणी घेतली ते मोजत नाहीत. एनपीएमवरचं सगळं भांडार आपल्याकडे उतरवून ठेवणारे मिरर असतात, सगळं चाळत फिरणारे बॉट असतात. कुठल्याही पॅकेजला, कुणी ढुंकून बघितलं नाही तरी, थोडेफार डाउनलोड मिळतातच. माझे तीस म्हणजे शून्यच होतं. गाडीत मी यंत्रांकडे बघून हसत होते.

पण नंतर आकडा खरंच उसळला. एका आठवड्यात तिसाचे अठ्ठावीसशे. त्या दिवशी मी आमच्या टीमला वडापाव दिले. पुढच्या आठवड्यातही अठ्ठावीसशे, त्याच्या पुढेही. वर्षाचे दीड लाख. मी ते रेझ्युमेत टाकलं, अप्रेझलला सांगितलं, एका लग्नात, कुणाच्या तरी मामांनी ‘काय करतेस हल्ली’ विचारलं तर त्यांनाही सांगितलं. स्टारही वाढले, तेवीस झाले. त्यांतले नऊ आमच्याच मजल्यावरचे. चहाच्या मशीनपाशी गाठून, ‘अरे, एक स्टार दे ना,’ म्हणून मागितलेले. हे मी पहिल्यांदाच कबूल करतेय. बाहेर तर कोड ठेवतात त्या गिटहबचे स्टार पैसे टाकून घाऊक विकत मिळतात, तेव्हा मला नऊंचं एवढं वाटायला नको. तरी वाटतं.

बाईंकडून आले त्या रात्री मी पहिल्यांदा रोजचा हिशेब काढून बसले. सोमवार ते शुक्रवार, दिवसाला साडेपाचशेच्या आसपास. शनिवार-रविवार जमीनदोस्त. २६ जानेवारीला आलेख खाली. १५ ऑगस्टला खाली. आणि गुढीपाडवा, बुधवार-गुरुवार काही असो, खाली. पाडव्याला सुट्टी देणाऱ्या आणि मराठीत रक्कम लागणाऱ्या जागा जगाच्या पाठीवर किती आहेत? म्हणजे ते एकच ऑफिस होतं. महाराष्ट्रातलं. माझ्या दीड लाखांचं एकच ऑफिस, तिथली बिल्ड करणारी, म्हणजे कोडचे तुकडे जुळवून प्रोग्राम तयार करणारी, मशीन दर खेपेला सगळी पॅकेजं नव्याने ओढत असणार. कोण जाणे, ते महापेला असेल, घणसोलीला असेल, माझ्या ऑफिसच्या खिडकीतून दिसणाऱ्या काचेच्या इमारतींतच असेल.

त्यांनी एकदा घेतलेली फाइल नीट जपून वापरली असती तर माझ्या आकड्यात त्यांचे वर्षाला एक-दोनच पडले असते. हे मला फार विचित्र वाटलं. आमच्या बिल्डिंगची वरची टाकी मागे महिनाभर रात्रीची ओव्हरफ्लो होत होती. फ्लोट व्हॉल्व्ह गेला होता, पाणी गच्चीवरून नळीने गटारात. त्या महिन्यात मीटरवर दुप्पट युनिट. मीटरच्या हिशेबाने आम्ही त्या महिन्यात पाण्याचे फार मोठे चाहते होतो.

याच्या उलटही होतं. एखादी मोठी कंपनी पॅकेज एकदा आत घेते, स्वतःच्या सर्व्हरवर ठेवते आणि हजार जण ते वापरतात. बाहेर आकडा एक. आणि कित्येकदा तर घेणाऱ्याला आपण काय घेतोय हेच माहीत नसतं. २०१६ च्या मार्चमध्ये लेफ्ट-पॅड नावाचा अकरा ओळींचा प्रोग्राम त्याच्या लेखकाने रागारागात एनपीएमवरून काढून घेतला आणि जगभरचे बिल्ड पडले. अडलेल्यांतल्या बहुतेकांनी ते नावही आधी ऐकलं नव्हतं. त्यांनी घेतलेल्या कशाने तरी दुसरं काही घेतलेलं, आणि त्याने ते घेतलेलं. लग्नाला आलेल्या पाहुण्यांबरोबर आलेले पाहुणे. पंगतीत पानं मोजायची तर सगळेच मोजले जाणार.

झोप येईना तेव्हा मी आणखी एक गोष्ट शोधून पुन्हा वाचली, जी मागे नुसती करमणूक म्हणून वाचली होती. स्टॅक ओव्हरफ्लोवर, प्रोग्रामर एकमेकांना अडलेलं विचारतात त्या साइटवर, २०१० मध्ये अँड्रियास लुंडब्लाड नावाच्या एका स्वीडिश प्रोग्रामरने जावाचा एक छोटा तुकडा लिहून दिला. बाइट्सचा लांबलचक आकडा माणसाला वाचता येईल असा केबी-एमबीत दाखवायचा. लोक हे साध्या लूपने करायचे, याने लॉगॅरिदम वापरून मोजक्या ओळींत बसवलं. टाळ्यांसारखी मतं पडत गेली. २०१८ मध्ये एका अभ्यासात निघालं, की त्या साइटवरून सगळ्यात जास्त उचलला गेलेला जावाचा तुकडा हाच. पुढच्या वर्षी लुंडब्लाडने स्वतःच लिहून टाकलं, की त्यात चूक आहे. ९,९९,९९९ बाइट्स दिले तर ‘१.० एमबी’ ऐवजी ‘१०००.० केबी’ दाखवतो. हे वाचून मी अंथरुणात उठून बसले. नऊंचीच रांग! शंभराच्या एक अलीकडे मी घसरले, दहा लाखांच्या एक अलीकडे तो. दोघांनीही साधा, कंटाळवाणा रस्ता सोडून शहाणपणा केलेला. आणि दोघांच्याही चुकीला गर्दीने काही केलं नाही, तिच्यावरून चालत मात्र गेली.

मग उठून ते शंभर ओळींचं, पाढ्यांच्या पुस्तकासारखं पॅकेज उघडलं. अजून आहे. आठवड्याचे डाउनलोड नऊ. नव्याण्णवाव्या ओळीवर व्यवस्थित ‘नव्याण्णव’.

ते मागे पडलं यात माझा हात आहेच. शोधणाऱ्याला दोन्ही पॅकेजं शेजारी दिसतात, एकासमोर अठ्ठावीसशे, दुसऱ्यासमोर नऊ. कोण कशाला आत डोकावेल? मी तरी डोकावते का? ऑफिसात शुक्रवारी संध्याकाळी तारखांचं काहीतरी अडतं, सातच्या गाडीला जायचं असतं, समोर चार पॅकेजं. मी सरळ सगळ्यात मोठा आकडा घेते. मनाला म्हणते, एवढे लोक वापरतात तर खड्डे बुजले असतील. आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा बुजलेले असतातही. मोठ्या रहदारीच्या पॅकेजात कुणीतरी आधी पडलेलं असतं, त्याने ओरड केलेली असते, म्हणून डांबर टाकलं गेलेलं असतं. आकडा अगदीच खोटा म्हणता येत नाही. पण हे काम आकडा करत नाही, तो ओरडणारा करतो. एनपीएमवरच्या इव्हेंट-स्ट्रीम नावाच्या पॅकेजला २०१८ मध्ये आठवड्याला वीसेक लाख डाउनलोड होते. मूळ लेखक थकलेला, एक अनोळखी मदतनीस आला, याने किल्ल्या देऊन टाकल्या. मदतनिसाने आत बिटकॉइनची पाकिटं मारणारा कोड घुसवला. दोनेक महिने तो कोड सुखाने लाखालाखाने उतरत होता आणि उतरलेली प्रत्येक विषारी प्रतही लोकप्रियतेत जमा होत होती. शेवटी, जुनं फंक्शन वापरलंय असा जो क्षुल्लक इशारा स्क्रीनवर येऊन जातो, तो एका विद्यार्थ्याने दुर्लक्षून सोडला नाही. माग काढत गेला.

रेटिंगचं तर बोलायलाच नको. ठाण्यातली एक मिसळ, नाव सांगायची गरज नाही, आमच्या टीममधला बंगळूरचा मुलगा हौसेने खाऊन आला आणि त्याने तिला दोन स्टार दिले. कारण ‘डोळ्यांतून पाणी आलं’. अहो, त्याच्यासाठीच तर रांग असते.

आमच्या लहानपणी गल्लीत एक वाचनालय होतं. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासूनचं, भारदस्त. हे तसलं नाही. एका दुकानाच्या गाळ्यात, खाकी कागदाची कव्हरं घातलेली पुस्तकं, खळीचा आणि झुरळांच्या गोळ्यांचा वास. प्रत्येक पुस्तकाच्या मागे तारखांची पट्टी चिकटवलेली. पुस्तक नेलं की जांभळा शिक्का. मी पुस्तक निवडायची ती उलटं उघडून. पट्टी भरलेली असली, पट्टीवर पट्टी चिकटवलेली असली, की ते घरी. तसंच एक रहस्यकथेचं पुस्तक आणलं. तीन पट्ट्या. शनिवारी दुपारी सुरू केलं ते जेवताना, अंथरुणात, बॅटरी लावून. खुनी कोण ते आता कळणार आणि पुढे पानंच नाहीत. फाटून गेलेली, किती ते देव जाणे. शेवटच्या उरलेल्या पानाच्या तळाशी पेन्सिलीने बारीक लिहिलेलं, ‘पुढची पाने नाहीत. – एक वाचक’.

मी भयंकर चिडले होते, त्या वाचकावरच. पहिल्या पानावर का नाही लिहिलं म्हणून. आता वाटतं, त्या तीन पट्ट्यांवरचे कितीतरी शिक्के माझ्यासारख्यांचेच असणार, शेवटाला येऊन हात चोळत परत केलेले. शिक्का नेताना पडायचा. परत करताना तोंड कसं झालं होतं, त्याचा रकाना पट्टीवर नव्हता. आणि मीही सोमवारी पुस्तक गुपचूप काउंटरवर ठेवून दुसरं घेतलं. मालकांना सांगितलं नाही. माझ्या नावाचा एक शिक्का मात्र त्या पुस्तकाच्या कीर्तीत कायमचा राहिला.

माझ्या पॅकेजला इतक्या वर्षांत चार इश्यू, म्हणजे वापरणाऱ्यांच्या तक्रारी-शंका, आले. दोन बॉटचे, एक कुणाचा तरी चुकून दुसरीकडे टाकायचा. चौथा २०२२ चा, अडीच ओळींचा, ‘एकशे’ आणि ‘शंभर’ यांत कुठे काय येतं ते विचारणारा. नाव नव्हतं, पण लिहिण्यावरून शिक्षक वाटले. मी त्यांना तीन दिवसांनी घाईघाईत उत्तर दिलं होतं. त्या तीन दिवसांत आकडा किती वाढला ते मात्र रोज बघितलं होतं.

दुरुस्तीला चार मिनिटं लागली. खरं तर दोन. उरलेली दोन, अपवादांच्या यादीत आणखी एक अपवाद घालायचा की सगळी युक्ती उपटून शंभर ओळी लिहायच्या, या विचारात गेली. शंभर ओळी लिहिल्या. मोठ्याने म्हणत म्हणत टाइप केल्या. बाबा आतून म्हणाले, “काय पाढे म्हणतेस का?” त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “मी असतो तर चार हजार दोनशेच केले असते. बाईंनी रुपयासाठी भांडण काढलं नसतं.” भांडलं असतं कोण, ते मला माहीत आहे.

नवं व्हर्जन चढवलं, जुन्यावर ‘चूक आहे, वापरू नका’ असा इशारा लावला. एनपीएमवर कुठलं व्हर्जन आठवड्यात किती उतरलं ते वेगवेगळं दिसतं. आठ दिवसांनी पाहिलं. नव्याचे चाळीस, म्हणजे मिरर आणि बॉट. जुन्याचे सत्ताविसशे नव्वद. त्या ऑफिसने जुनंच व्हर्जन बांधून ठेवलं असणार, आणि माझा इशारा त्यांच्या लॉगमध्ये हजार ओळींखाली रोज साडेपाचशे वेळा उमटत असणार. काय छापतात ते माझ्या प्रोग्रामने? पावत्या? पॉलिसी? पगाराच्या स्लिपा? कुणाच्या तरी हातात ‘एकोणशंभर’ पडत असेल, त्या माणसाला वाटत असेल आपलंच मराठी कच्चं.

बाईंकडे नवं बिल घेऊन मीच गेले. त्यांनी चष्मा लावून, अक्षरावरून बोट फिरवत वाचलं. मग विचारलं, “बाकीच्यांना कळवलंस?”

“कसं कळवणार बाई? कोण आहेत तेच माहीत नाही.”

“दीड लाखांत एकही ओळखीचा नाही?”

मी नाही म्हटलं. त्यांनी कपाटातून चेकबुक काढलं, वर्तमानपत्राची घडी खाली घेतली, पेनाची निब कागदावर एकदा झटकून पाहिली. सोसायटीचं नाव लिहिलं. मग खालच्या ओळीत, सावकाश, शिरोरेघ शेवटी एकदम ओढत, ‘चार हजार एकशे नव्याण्णव फक्त’. मागे-पुढे दोन आडव्या रेघा मारल्या, कुणी मध्ये काही घुसवू नये म्हणून. शाई वाळेपर्यंत चेक हातात धरून फुंकर घालत बसल्या.